तळ असलेली जागा

ती दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. गाल धरून आलेल्या माणसाला गोड बोलून थांबवून ठेवायचं, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे पाण्याखाली न्यायला घेऊन जाणाऱ्या बोटवाल्यांना फोन करताना ती अजिबात बिचकली नाही. पहिल्याने लगेच रंगीत मासे, नितळ पाणी, आयुष्यभराची आठवण अशी टेप सुरू केली. ती तिने मध्येच तोडली.

"मासे राहू द्या. रीफच्या, म्हणजे त्या प्रवाळाच्या, खाली काय आहे ते सांगा."

"खाली समुद्र आहे, मॅडम."

"तो कुठेतरी संपत असेल ना? रीफ उथळ आहे हे तुमच्या फोटोत दिसतंय. पण तिच्या कडेला काय आहे? वाळू, की आणखी खोल?"

त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याने "काळजी करू नका" असं इतक्यांदा म्हटलं की तिला काळजी वाटायला लागली. तिसरी बोट एका बाईची होती. ती बाई म्हणाली, "वाळू आहे, काकू. बशीसारखी जागा आहे. कुणी ठरवलं तरी दहा मीटरच्या खाली जाता येत नाही."

कुणी ठरवलं तरी! बोटवालीने न बघताच तिचा नवरा ओळखला होता. तिने तिथल्या तिथे बोट पक्की केली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उभा जन्म उंच इमारतींच्या काळोख्या बोळकांड्यांत लोंबकळून काढलेला माणूस, त्याला खोलीची कसली भीती! सुट्टी मिळाली की मित्रांबरोबर सिलिंडर लावून पाण्याखाली जायचा, आणि ही बोटीवर पिशव्या सांभाळत बसायची. मागच्या वर्षी त्याच्या हृदयाने इंगा दाखवला. डॉक्टरांनी पाण्यात जायची परवानगी दिली, पण दहा मीटरच्या आत, आणि दमायचं नाही या अटीवर. मित्रांनी हळूच अंग काढून घेतलं. हा मात्र एकटा जायच्या गोष्टी करायला लागला. तेव्हा तिने मुकाट्याने पोहण्याच्या तलावावर पाण्याखाली जायची शिकवणी लावली. पन्नाशी उलटलेली बाई कॉलेजच्या पोरींबरोबर नाकातोंडात पाणी घेत शिकली आणि पास झाली. लेकीने फोनवर विचारलं, "आई, तुला आवडतं तरी का ते?" ती म्हणाली, "आवडायचा काय संबंध?"

नवऱ्याचा दुर्गुण म्हणाल तर एकच. तो कायम पुढे चालायचा. बाजारात, दवाखान्यात, लग्नघरात, कुठेही. मागे वळून बघायचा नाही. फार तर हात मागे टाकून बोटं हलवायचा, ये ये म्हणून, आणि ही जायची. इतक्या वर्षांत त्याने वळून बघावं असं एकदाही घडलं नव्हतं, कारण ही नेहमी मागे असायचीच. अलीकडे तर तो जास्तच पुढे जायला लागला होता. आजारातून उठल्यावर माणूस हट्टी होतो, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

सकाळी दोघं धक्क्यावर गेली तर बोटवाली आभाळाकडे बघत उभी.

"काकू, वारा फिरलाय. बशीत आज लाटा आहेत, रीफवर आपटतील. पलीकडच्या बाजूला शांत आहे. वरचं प्रवाळ सहा मीटरवर आहे."

"आणि कडेला?"

बोटवाली नवऱ्याकडे बघून म्हणाली, "कडेला कडाच आहे. सरळ खाली. तळ दिसत नाही."

"मग आज राहू द्या."

"अगं," नवरा म्हणाला, "आपण वरच राहायचं. मी काय लहान आहे?"

त्याच्या अंगावर सिलिंडरचे पट्टे आधीच चढलेले होते. चेहरा असा उजळलेला की आजारपणानंतर तसा तिने पाहिलाच नव्हता. दवाखान्यात ती भल्याभल्यांना नाही म्हणायची. इथे तिची जीभ उचलली नाही.

"शब्द द्या मला."

"दिला."

बोटवालीने सोबत खाली येते म्हटलं, तर त्याने हसून तिलाही वाटेला लावलं. नवराबायकोत तिसरं कशाला, म्हणाला.

पाण्याखाली पहिली काही मिनिटं खरंच सुखाची गेली. पिवळ्या माशांचा थवा प्रवाळावरून सरकत होता. तो पुढे, ती मागे, ठरल्याप्रमाणे. तिने मनगटावरचा खोलीचा आकडा पाहिला, सहा. मग समोर पाहिलं तर नवरा कड्याशी पोचला होता. तिथे प्रवाळ संपत होतं आणि पुढे नुसता गडद निळा रंग होता. तो क्षणभर थांबला. आता वळेल असं तिला वाटलं. त्याने डोकं खाली केलं आणि कडा ओलांडला.

कमरेची कडी काढून तिने सिलिंडरवर ठोकली. पाण्यात तो टणटण आवाज लांबपर्यंत जातो, तिला तसं शिकवलेलं होतं. नवऱ्याने तो ऐकला, कारण त्याचा हात मागे आला आणि बोटं हलली. ये ये.

तिचे पाय आपसूक हलले. सवयच ती. कड्यापर्यंत गेली आणि तिथे तिने प्रवाळातला एक मेलेला, करडा खडक दोन्ही हातांनी धरला. आपण त्याच्यामागे गेलो तर हा आणखी खाली जाणार. आपण मागे आहोत या भरवशावर तर हा जातोय. आणि नाही गेलो, आणि खाली त्याला काही झालं, तर? लेकीला काय सांगायचं? मी वर बसून होते म्हणून?

तिला त्याचा भयंकर राग आला. त्याहून भयंकर भीती वाटली. पण खडक तिने सोडला नाही.

तो दिसेनासा झाला. दिसत होते फक्त बुडबुडे. कड्याला घासत एक झुबका वर यायचा, मग काहीच नाही, मग पुन्हा एक झुबका. बुडबुडे येताहेत तोवर श्वास चालू आहे. तिचा सगळा संसार त्या बुडबुड्यांवर येऊन ठेपला होता. एकदा फार वेळ काही आलं नाही. मग एकदम खूप आले, धांदलीने, एकावर एक, आणि त्यांच्यामागून तो आला. कड्याचे खडक एकेक करून धरत, वर नाही, चहूकडे बघत. मान गरागरा फिरवत तो तिला शोधत होता.

ती दिसली तेव्हा त्याने तिचं मनगट असं पकडलं की दोन दिवस वळ राहिला. मास्कच्या काचेआड त्याचे डोळे एवढे मोठे झालेले तिने कधी पाहिले नव्हते. वर पोचेपर्यंत त्याने हात सोडला नाही.

बोटीवर त्याने पट्टे सोडले. मग म्हणाला, "वळलो तर तू नव्हतीस."

"नव्हते."

"मला वाटलं, तू खाली गेलीस. बुडालीस."

"मला पण तसंच वाटत होतं, तुमच्याबद्दल."

त्याने मान खाली घातली. बोटवालीने पाण्याची बाटली दोघांच्या मधे ठेवली आणि इंजिनाकडे निघून गेली. धक्का जवळ आल्यावर तो बायकोला म्हणाला, "उद्या वारा पडला तर बशीतच जाऊ. तळ असलेल्या जागी."

मुक्कामाच्या खोलीकडे जायचा रस्ता चढाचा होता. धक्क्यावर उतरल्यावर तो बाजूला झाला.

"तू हो पुढे."

अशी पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. ती पुढे झाली आणि चालायला लागली. अंगातला राग अजून उतरला नव्हता, त्यामुळे पाय झपाझप पडत होते. पुढे चालणं किती सोपं असतं, हे तिला नव्यानेच कळत होतं. मागे कोण आहे, कसं आहे, बघायचं कारणच नाही. वळणाशी मात्र तिच्याने राहवलं नाही. तिने वळून पाहिलं.

तो पार खाली होता. एक हात भिंतीला टेकलेला, दुसरा छातीवर. तोंड उघडं. ती बघतेय हे लक्षात येताच त्याने छातीवरचा हात चटकन खाली घेतला आणि समुद्राकडे तोंड केलं.

अलीकडे तो एवढा पुढे का चालायचा, ते तिला तिथे उभ्या उभ्या समजलं. कुठल्या तरी वळणापलीकडे जाऊन, ती पोचायच्या आत, तो असाच उभा राहत असणार. आणि ती आपली त्याच्या पाठीला बोल लावत होती.

ती उतार उतरून परत आली.

"काय करताय?"

"बोटी बघतोय."

त्याच्या कपाळावर घाम होता. तिने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

"बघा सावकाश," ती म्हणाली. "मी पण बघते."