वकिलाची भट्टी

तो आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढला नव्हता, तरी सगळं गाव त्याला वकील म्हणायचं. धंद्याने तो पाववाला. भट्टी तो सांभाळायचा आणि गल्ल्यावर बसायची त्याची थोरली बहीण, ताई. पण वाद घालायची खोड अशी, की पोस्टमनने हातात पत्र ठेवलं तरी हा विचारणार, "माझंच कशावरून?" ‘वकिलाची बेकरी’ असं ऐकून एखादा नवखा माणूस जागेच्या भांडणाचे कागद काखोटीला मारून यायचाही. ताई त्याचं सगळं नीट ऐकून घ्यायची आणि गरम पाव गळ्यात मारून परत पाठवायची.

वकिलाचा सगळ्यात जुना दावा देवाविरुद्ध होता. लहानपणी दोघं भावंडं आईचं बोट धरून चर्चला जायची. आई गेली तेव्हा शेजारच्या म्हातारीने दोघांना पदराखाली घेतलं. न्हाऊ घालणं, जेवू घालणं, डोक्यातल्या उवा काढणं, सगळं तिने केलं. ती चर्चची नव्हती, कसलीच नव्हती. पुढे एका रविवारी तेव्हाच्या फादरांनी उपदेशात नरकाची आग अशी काही पेटवली, की पुढच्या बाकावरच्या बायका पदराने वारा घ्यायला लागल्या. प्रभूला न मानणारे सगळे त्या आगीत, आणि तेही कायमचे! बारा वर्षांचा वकील मधेच उभा राहिला आणि विचारता झाला, "शेजारची आजीपण?"

फादर बिचारे प्रामाणिक होते. जड मनाने म्हणाले, "हो बाळा."

मुलगा बाकांमधून वाट काढत बाहेर पडला आणि पुन्हा कधी आत गेला नाही. ताई मात्र आत राहिली. आजीसाठी देवाने एखादं मागचं दार ठेवलं असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून दोघं एका छपराखाली, एका भट्टीवर जगत आली. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला वाटायचा पाव वकीलच भाजायचा, आणि तो इतर पावापेक्षा काकणभर सरसच व्हायचा. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "देव नसला म्हणून काय झालं? खाणारी माणसं तर आहेत ना."

सगळं असं सुरळीत चाललं असताना ताईच्या हृदयाची एक झडप काम करेनाशी झाली. डॉक्टरांनी सोमवारचं ऑपरेशन ठरवलं. उशीर केला तर माझ्या हातात काही राहणार नाही, असंही सांगितलं. ताईने शांतपणे मान हलवली आणि घरी येऊन बॉम्ब टाकला.

"तू रविवारी चर्चमध्ये येऊन सगळ्यांसमोर ‘माझा विश्वास आहे’ म्हणणार असशील, तरच मी सोमवारी टेबलावर झोपेन."

वकील भट्टीत ट्रे सरकवत होता. "आणि नाही म्हटलं तर?"

"तर नाही झोपणार. मी तिकडे वर गेले आणि तू खाली, तर माझं कसं व्हायचं? आई मला विचारेल, धाकट्याला कुठे सोडून आलीस?"

ताईला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती ताटातुटीची, आणि ती तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होती. दुसरा कुणी असता तर तिथेच विरघळला असता. पण हा वकील.

"बरं, समजा मी म्हटलं," त्याने हात झटकले. "म्हणजे जन्मभर लोकांना लुबाडणारा मरताना ‘चुकलो’ म्हणाला की आत, आणि आपली आजी बाहेर. हा कुठला न्याय?"

"न्याय तुला कळतो का देवाला?"

"आणि शिक्षा कायमची! अगं, माणूस जगतो किती, पाप करतो किती? मी एवढा भट्टीवाला, पण पाव भाजला की बाहेर काढतो. कायमचा कोण ठेवतो आत? आणि तुझं ते वरचं सुख! खाली आजी होरपळतेय आणि तू वर गाणी म्हणतेस? जमेल तुला?"

"तुझी जीभ आधी होरपळेल."

"शिवाय तुला दोन कडवी म्हटली की खोकला येतो. तिथे तर गाणी संपतच नाहीत."

"तिथे खोकला नसतो!"

"हे तुला कुणी सांगितलं?"

असं पेटलं होतं दोघांचं. पेटलेलं आणखीही काहीतरी होतं, ते धुराने सांगितलं. वकिलाने झाकण उघडलं तर अख्खा ट्रे करपलेला. इतक्या वर्षांत तो बाजारात सगळ्यांशी भांडला होता, पण भट्टीसमोर पाव कधी विसरला नव्हता.

"कोळसा झालाय. टाकून देतो," तो म्हणाला.

"हात लावू नकोस!" ताईने ट्रे ओढून घेतला. करपलेलं, वाकडं, बसकं असं काहीही या बेकरीतून फेकलं जायचं नाही, हा तिचा कायदा. काळं खरवडायचं, आतला भाग कापून पुन्हा भाजायचा, टोस्ट करायचे. तेही जमलं नाही तर चुरा करून ठेवायचा. ती सुरी घेऊन स्टुलावर बसली आणि एकेक पाव खरवडू लागली. मधेच तिचा हात थांबला. काळ्या पावाकडे ती बराच वेळ बघत राहिली. काय झालं, असं वकिलाने विचारलं तर म्हणाली, "काही नाही. तू पीठ मळ."

रविवारी सकाळी वकील इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. चेहरा फाशीला निघाल्यासारखा.

"येतो मी. म्हणतो काय ते," तो म्हणाला. खरंखोटं गेलं खड्ड्यात, ताई राहिली पाहिजे, एवढंच त्याने मनाशी ठरवलं होतं.

ताईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "इथे म्हणून दाखव आधी."

"माझा... माझा विश्वास..." एवढं होईतो वकिलाचे दोन्ही कान लालबुंद झाले. लहानपणी साखर चोरून ‘मी नाही’ म्हणताना व्हायचे, अगदी तसेच. ताई हसायला लागली. हसता हसता धाप लागली, तशी उंबऱ्यावर बसली.

"राहू दे बाबा. देवासमोर खोटी साक्ष, आणि तीसुद्धा वकिलाची!"

तो तिच्याशेजारी टेकला. धाप ओसरल्यावर ती म्हणाली, "ते पाव खरवडत होते ना, तेव्हापासून डोक्यात घोळतंय. माझ्याच्याने एक करपलेला पाव टाकवत नाही. मग ज्याने मला केलं, तो तुला टाकेल? आजीला टाकेल? त्याचं मन माझ्यापेक्षा लहान असेल का रे?"

वकिलाने तोंड उघडलं. अगं, जन्मभर मी दुसरं काय सांगतोय, असं अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं, आणि एवढं मोठं वाक्य गिळायची त्याची ही पहिलीच वेळ.

"पण मला तरी पक्कं कुठे ठाऊक आहे?" ताई म्हणाली. "म्हणून तू एवढं कबूल कर. तिथे काही नसेल, तर प्रश्नच मिटला. पण समजा दार असलंच, आणि मी आतून हाक मारली, तर तू आत यायचं. दारावरच्या माणसाशी वाद न घालता."

"एकही प्रश्न नाही?"

"एकही नाही."

त्याने मनातल्या मनात उलटसुलट तपासून पाहिलं. यात खोटं काहीच नव्हतं. "तू हाक मारलीस तर येईन," तो म्हणाला. ताईने त्याचे कान पाहिले, खुशीत मान डोलावली आणि एकटीच चर्चला गेली.

सोमवारी ऑपरेशन लांबलं. वकील बाकावर बसून होता. भिंतीवरच्या सूचनांमधल्या चुकासुद्धा त्याने काढल्या नाहीत. शेवटी नर्स बाहेर आली. "शुद्धीवर येतायत. सारख्या कुणाला तरी धाकट्या म्हणून हाका मारतायत. तुम्हीच का?"

तो उठला. दारावर एक आडदांड माणूस होता. चपला काढा, म्हणाला. काढल्या. हात धुवा. धुतले. नीट धुवा. पुन्हा धुतले. हा पांढरा झगा घाला, टोपी घाला, कान झाका. एरवी यातल्या प्रत्येक हुकमावर दारातच खटला उभा राहिला असता. वकील निमूटपणे झगा चढवून आत गेला.

आत पांढराशुभ्र उजेड होता आणि गारवा. ताईने डोळे किलकिले केले. पांढऱ्या झग्यातला भाऊ तिला दिसला आणि तिचा चेहरा उजळला. ती कुठे पोचली आहे असं तिला वाटतंय, हे त्याला लगेच कळलं.

"आलास?" ती पुटपुटली.

"आलो, ताई. तू हाक मारलीस ना."

"दारावर... वाद घातलास?"

"एक शब्दही नाही."

"कान दाखव."

त्याने टोपी वर सरकवली. ताईने दोन्ही कान पाहून घेतले आणि समाधानाने डोळे मिटले. मग एकदम कपाळाला आठी घालून विचारलं, "अरे, मग खाली भट्टीवर कोण आहे?"

"कोणी नाही," वकील म्हणाला. आता मात्र त्याला रडू आवरेना. "भट्टी आज बंद आहे, ताई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि झोपली.