पंप टिकत का नाही

बाबांच्या जुन्या जीपचा नवाकोरा वॉटर पंप पुन्हा गेला, तेव्हा बाबांचा जीव तिच्यात असूनही लेकीने ती भंगारात द्यायचं ठरवलं. मिस्त्रीने बॉनेट उघडून बेल्टला टिचकी मारली. तो असा झणझणला, की गल्लीतली कुत्री उठून बसली. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांना विचारा.

"ताई, एवढ्या ताणाने कुठलाही पंप मरेल. बेल्ट आवळतं कोण?"

"मी," बाबा ऐटीत म्हणाले. "महिन्यातून एकदाच."

लेकीचा चेहरा उतरला. बाबा रोज सकाळी पाना घेऊन जीपवर वाकलेले तिला दिसत.

"जीप राहू दे," ती हळूच म्हणाली. "बाबा, यापुढे बेल्ट आवळायच्या आधी मला हाक मारायची."

"मारीन की. या महिन्यात अजून आवळायचाच राहिलाय."