अब्दुल रहीमची झेंडी

मालगाडीच्या गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव मोठं झालं, डबा तोच राहिला. सगळ्यात शेवटचा, चारी बाजूंनी धूळ खाणारा, पंखा नाही, दिवा नाही, संडासाची तर बातच सोडा. देवमननं त्या डब्यात एकतीस वर्षं काढली. बडनेऱ्याला चढायचं, अकोल्याच्या पुढं कोळसा पोचवायचा, एक्सप्रेस गाड्यांना वाट द्यायला कुठल्याही स्टेशनात चार-चार तास बाजूला पडून राहायचं, आणि वाटेतल्या प्रत्येक फाटकावर हिरवी झेंडी दाखवायची. फाटकवालाही हिरवी दाखवतो. गाडीत काही बिघाड दिसला तर तो लाल धरतो, आणि गार्डानं गाडी थांबवायची. काम एवढंच. त्यासाठी डोळे तेवढे बाहेर पाहिजेत.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी देवमनचे डोळे मोबाइलमध्ये होते. क्रिकेटची मॅच चालू होती, शेवटची षटकं. ड्युटीवर मोबाइल बघायची बंदी होती, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. आपण जिंकलो की हरलो, हेही त्याला आता आठवत नाही. अशा गोष्टीपायी माणूस काय घालवून बसतो, सांगायची लाज वाटते.

मूर्तिजापूर सोडलं की पहिलं फाटक अब्दुल रहीमचं. बावीस वर्षं तो माणूस त्या एकाच फाटकावर. दोघांची ओळख म्हणाल तर झेंडीपुरती. गाडी जाताना इकडून एक हात वर, तिकडून एक हात वर. त्या दिवशी एका वाघिणीखालचा, म्हणजे मालडब्याखालचा, लोखंडी दांडा सुटून खाली घासत चालला होता. रहीमनं तो पाहिला आणि शेवटचा डबा समोरून जाईस्तोवर झेंडी धरून उभा राहिला. मग फोनकडे धावला, तर लाइन कोणीतरी अडवून ठेवलेली. तोवर गाडी पुढच्या स्टेशनात शिरली, दांडा रुळांच्या सांध्यात अडकला आणि दोन वाघिणी रुळांवरून घसरल्या. माणूस कोणी दगावला नाही, पण लाइन सहा तास बंद पडली.

चौकशीत साहेबानं देवमनला विचारलं, फाटकावर काय दाखवलं होतं? देवमनची पाचावर धारण बसली. मोबाइलचं कळलं तर नोकरी गेलीच. "हिरवी होती, साहेब," त्याच्या तोंडून निघालं. निघालं कसलं, त्यानंच काढलं.

रहीम म्हणाला, "लाल होती." साहेबानं पुन्हा विचारलं, रहीम पुन्हा म्हणाला, "लाल." तिसऱ्यांदा मात्र त्यानं देवमनच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि गप्प राहिला. त्याला फाटकावरून काढून रूळ दुरुस्तीच्या टोळीत घातलं. वर्षभरात त्यानं आपणहून नोकरी सोडल्याचं देवमनच्या कानावर आलं. त्या रात्री देवमन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला. माणसाचं असंच असतं.

गेल्या महिन्यात ते फाटक कायमचं बंद झालं, खालून रस्ता काढला. देवमनची गाडी तिथून गेली तेव्हा त्याचा हात आपोआप वर गेला, हिरवी झेंडी घेऊन. समोर कोणीच नव्हतं. देवमन खाली बसला आणि त्याला रडू कोसळलं. त्याच महिन्याच्या अखेरीस तो रिटायर होणार होता. आता नाही सांगितलं तर मरेस्तोवर सांगणार नाही, हे त्यानं ओळखलं. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं तो मूर्तिजापूरला उतरला आणि विचारत विचारत रहीमच्या दारात जाऊन उभा राहिला.

वाटेत त्यानं शिव्या खायची तयारी केली होती. गचांडी धरली तरी हात उचलायचा नाही, असंही ठरवलं होतं.

"या, गार्डसाहेब, या. कावून दारातच उभे राह्यले?" रहीमनं स्वतः खुर्ची पुढं केली. दाढी पांढरी झाली होती, माणूस वाळला होता. आत वळून त्यानं बायकोला हाक दिली, "फरजाना, चाय रख. गार्डसाब आए।"

देवमन बसला. घोकून आणलेलं वाक्य काढायला त्यानं तोंड उघडलं.

"तुमी आले, लय बरं झालं," रहीम म्हणाला. "मीच येनार होतो बडनेऱ्याले. तुमची माफी मांगाची होती."

"माफी? मले?"

"मी चौकशीत तुमाले खोटं पाडत होतो ना. मले पक्कं वाटे का लालच दाखवली. मंग इचार केला, हा मानूस कावून खोटं बोलन? त्याचं माह्यं काही वाकडं नाही. मंग ध्यानात आलं. बावीस वर्षं हिरवी उचलून उचलून हाताले तेच वळन. डोकं म्हने लाल, हातानं उचलली हिरवी." त्यानं मान हलवली. "असा मानूस रेल्वेत ठेवता येते का? उद्या टोळीत एखादा नट कसाचं इसरलो, अन् लोकायची गाडी पडली तं? म्हनून नोकरी सोडली."

फरजानाभाभी चहा घेऊन आल्या. "घर में भी इनको गॅस नहीं जलाने देती मैं," त्या सहज हसत म्हणाल्या. "भूल गए तो?" रहीमही हसला. त्याला त्या हसण्याची सवय झालेली दिसत होती.

आता गप्प बसायची सोय आयती चालून आली होती. चहा प्यायचा, मोठ्या मनानं माफ करायचं आणि दुपारची गाडी धरायची. आणि देवमन, काय सांगू तुम्हाला, म्हणालाही, "जाऊ द्या, रहीमभाई. झालं गेलं." म्हणाला आणि स्वतःचीच त्याला अशी किळस आली की त्यानं कप खाली ठेवला.

"लालच होती," तो म्हणाला.

"काय?"

"मले मालूम नाही तुमी काय दाखवलं. म्या पाह्यलंच नाही. मोबाइलवर मॅच पाहून राह्यलो होतो. हिरवी म्हनलं ते खोटं. तवा तुमी लाल म्हनले, तं लालच होती."

रहीमनं बायकोकडं बोट केलं. मग म्हणाला, "हिच्याकडं पाहून सांगा."

देवमननं भाभींकडं पाहून सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला जास्त जड गेलं. भाभी दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. "सात साल," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मैं भी तुम को ही पागल समझती रही."

"मी ऑफिसात लिहून देतो," देवमन घाईनं म्हणाला. "रिटायर व्हायच्या आधी. होऊ दे माह्यं काय व्हायचं ते."

"लिहून काय करता?" रहीम म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मले कोन्त्या फाटकावर बशीवता आता?"

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, उठून चपला घातल्या. "नगमा की छुट्टी का टाइम हो गया. मैं लाता हूं।" या सात वर्षांत नातीला शाळेतून आणायला त्याला एकट्याला कोणी धाडलं नव्हतं.

"अकेले?" भाभींच्या तोंडून सवयीनं गेलं, आणि त्यांनी तोंडावर पदर धरला.

रहीम बाहेर पडला. जाताना त्यानं देवमनकडं पाहिलं नाही. देवमनही उठला, काहीतरी बोलावं म्हणून भाभींकडं वळला.

"चाय रहने दो, गार्डसाब," त्या म्हणाल्या. "आप जाओ अब."