मैया नळासंगंच काहून येते?

"हटो, हटो! नर्मदा मैया खुद चलके आई है!"

गल्लीच्या तोंडाशी, मोरीकाठच्या पिंपळाखाली झरा फुटला होता आणि त्याच्यापाशी एक बाबा. आधी झरा आला की बाबा, हे कोणी विचारलं नाही. पार सिहोऱ्यापासून माणसं लोटे घेऊन यायची. "कोढ़ जाए, ज्वर जाए, अंधा आँख पाए!" बाबा ओरडायचा. त्याच्या स्वतःच्या डोळ्यातला मोतीबिंदू तेवढा मैयाच्या नजरेतून सुटला होता. मधेच तो पडदा ओढायचा, "मैया अब विश्राम करेगी." की झरा आटायचा!

खंदारीच्या तलावाचं पाणी नळाने जबलपुरात येऊन काही वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ नळ यायचा. शेजारचे अंबादासजी, कचेरीतले कारकून, त्याला शिवत नसत. "आत चामड्याचा वायसर असतो, काकू. देवाला चालत नाही." मैया दारी आली तशी त्यांची बायको विनता रोज झऱ्यावर कळशी भरू लागली.

त्यांची अंजनी एकदा माझ्या ओट्यावर म्हणाली, "आई, मैया नळासंगंच काहून येते? नळ गेला की ती पण जाते."

विनताने तिच्या तोंडावर हात ठेवला. "पाप लागते, बाई!"

पुढे गल्लीत पटकी शिरली. अंजनी आडवी झाली. डॉक्टर भाऊराव बजावून गेले, पाणी उकळूनच द्या. अंबादासजी लाल झाले. "मैयाला चुलीवर ठेवू काय?"

पोर पाणी मागत राहिली, आई झऱ्याचं पाजत राहिली. मग मागणंच थांबलं.

सुतक फिटल्यावर विनता भाऊरावांकडे गेली. मी सोबत होते. ती एवढंच बोलली, "अंजनी विचारून राहिली होती, मैया नळासंगंच काहून येते."

 दुसऱ्या सकाळी भाऊरावांनी मोरीत वरच्या अंगाला कपड्यांची नीळ ओतली. थोड्या वेळाने झरा निळा झाला. बाबा नाचायला लागला, "नीलकंठ! भोलेनाथ बेटी से मिलने आए!" लोकांनी ते निळं पाणीही डोळे मिटून प्यायलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी नळवाल्याला गल्लीच्या नळाची चावी बंद करायला सांगितलं. ऐन आरतीत झरा बारीक झाला, थांबला. बाबाला पडदा ओढायलाही सवड मिळाली नाही. "मैया रूठ गई!" चावी उघडली, मैया आली. बंद केली, गेली. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "चलो भैया, मैयाची चावी सापडली!" काही हसले.

रस्ता खणला. फुटक्या मोरीच्या गाळात तडकलेला नळ पडला होता. नळ आला की त्याचं पाणी मोरीची घाण घेऊन वर उसळत होतं. एवढाच चमत्कार. गर्दीने मान वर केली तेव्हा बाबा पसार होता.

अंबादासजी खड्ड्याशी उभे होते. "म्हणजे हे... नळाचंच?"

वायसरमधूनच आलेलं, वर गल्लीच्या मोरीतून गाळलेलं. माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांचा चेहरा पाहून गिळलं.

विनताने माझा हात धरला. "मग काकू, मी तिला काय पाजलं?"

 तिच्या अंगणात अंजनीचा परकर अजून दोरीवर होता.

देव माना, नका मानू, तुमची मर्जी. पाणी मात्र उकळून प्या. आणि लेकरू "काहून?" म्हणालं, तर त्याच्या तोंडावर हात ठेवू नका. आमच्या गल्लीत ज्याला कळलं होतं, त्याचंच तोंड आम्ही मिटलं.