बेल्लमपल्लीला गेलेली ढोलकी

मी एक जुनी ढोलकी आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझे खोड शिसवीचे आहे, दोन्ही तोंडांवर चांगले कातडे आहे, आणि बसप्रवासाचा मला जेवढा अनुभव आहे तेवढा तुमच्यातल्या फार थोड्यांना असेल. मांडीवर, पायांशी, टपावर, सामानाच्या कप्प्यात, कंडक्टरच्या वाटेत, सगळीकडे माझे बसून झाले आहे.

नांदेडच्या एका कारागिराने मला घडवले. त्याने माझ्या एका तोंडावर शाई घातली. ही शाई लिहायची नव्हे बरे! लोखंडाची बारीक भुकटी भाताच्या खळीत कालवायची, तिचा थर द्यायचा, दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा आणि पुन्हा दुसरा थर द्यायचा. असे करता करता कातड्यावर काळा गोल चांद उमटतो. माझा खणखणीत आवाज त्या चांदातून निघतो. दुसऱ्या तोंडाला धूम म्हणतात, तिथून घुमारा येतो. माणसाच्या हातांना हे कसे सुचले असेल, याचे मला आजही नवल वाटते.

मला विकत घेतले ते चंपतने. चंपत तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, तामसीजवळच्या एका खेड्यातला. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले. चंपतने मात्र भीमगीतांच्या साथीला बसायचे ठरवले. त्याच्या बोटांबद्दल काय सांगू! ती माझ्यावर पडली की मी लाकूड आहे हे मी विसरत असे. त्याचा पुतण्या प्रितम पेटी वाजवतो आणि मुलगी मैत्री गाते. मैत्री पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला ओळखते. रडायची तेही वरच्या पट्टीत.

जयंती असो, बारसे असो, नव्या घराचा कार्यक्रम असो, बोलावणे आले की आम्ही निघालो. आणि मित्रांनो, किती लांब! पहाटे घर सोडायचे, दोन बस बदलायच्या, पुढे कुणाच्या ट्रॅक्टरमागे बसून जायचे, आणि हे सारे कशासाठी, तर दोन तास गाण्यासाठी. झाडे जन्मभर एका जागी उभी असतात. मी झाडाच्या वंशातली, म्हणून असेल कदाचित, पण गाण्यासाठी एवढी वाट तुडवणारी माणसे पाहून मी थक्क व्हायची.

बिदागीची गोष्ट निघाली की मात्र चंपतची मान खाली जायची. "तुमचं काय घेता?" असे कुणी विचारले की तो म्हणायचा, "द्याल ते द्या." मग लोकही खरेच, जे मनाला येईल ते द्यायचे. कुठे पाचशे, कुठे हजार, कुठे नुसता टॉवेल-टोपी आणि पोटभर जेवण. एकदा तर भाड्यालाही पुरले नाही, आणि हा भला माणूस यजमानाचेच आभार मानत बसला होता. मला राग आला होता. पण ढोलकीच्या रागाला कोण विचारतो?

राग मैत्रीलाही येत होता. ती आता कॉलेज संपवून घरी आली होती. एका संध्याकाळी तिने बापाला समोर बसवले.

"बाबा, आता 'द्याल ते द्या' बंद करा."

"अवं, लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनतीन, इतके काऊन. मी सांगीन ना काऊन ते."

"आन मंग बलावलंच नाई तं?"

"तं मी गानं सोडतो. इचोड्याच्या मोबाइलच्या दुकानात बसाले मालकानं बलावलंच हाये. सोमवारपासून तिकडं जाईन. पन फुकटात गळा फाडनं आता नाई जमत बाबा."

चंपतने मला मांडीवरून उचलून कोपऱ्यात ठेवले. मैत्री बोलते तशी वागते, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही.

दुसऱ्याच दिवशी बेल्लमपल्लीहून फोन आला. तिकडे कोळशाच्या खाणी आहेत. सुधाकरराव नावाचे खाणकामगार निवृत्त होत होते. त्यांचे मूळ गाव तामसीकडचे. तरुणपणी खाणीत लागले ते तिथलेच झाले. निरोपाच्या दिवशी आपल्या भाषेतली भीमगीते व्हावीत, अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांनी भाव विचारला. चंपतचे तोंड उघडण्याआधीच मैत्रीने फोन घेतला आणि म्हणाली, "काका, बारा हजार."

"माय, बारा? तिघायचे?"

"काका, गानं दोन तासाचं हाये, पन रस्ता दोन दिवसाचा. एक दिवस याचा, एक दिवस जाचा."

मग सुधाकरराव म्हणाले, "बरं, देतो. पन मंग गानंही तसंच पायजे हो."

कार्यक्रम शनिवारी होता, परत यायचे रविवारी. तो रंगला नाही तर चंपत पुन्हा जन्मात भाव सांगणार नव्हता, आणि सोमवारी ही मुलगी इचोड्याच्या दुकानात बसणार होती.

दिवस थंडीचे होते. आमच्या आदिलाबादची थंडी तुम्हाला सांगायला नको; पहाटेच्या दवाने माझे कातडे सादळून ढिले पडले होते. चंपतने टिचकी मारली आणि म्हणाला, "हिले गरमाई पायजे." त्याची एक जुनी युक्ती होती. आमच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी इंजिनाचे बोनेट असते, ते चांगले तापते. तामसीहून आदिलाबादला जाताना तो मला त्यावर ठेवायचा. गाव येईपर्यंत कातडे मस्त ताणून निघायचे. शेकोटी नको, कोळसे नकोत.

आदिलाबादला बस बदलली. आमच्या राज्यात बायकांना बसप्रवास फुकट, म्हणून मैत्रीला शून्य रुपयांचे तिकीट मिळाले. चंपत आणि प्रितमने पैसे दिले. कंडक्टरने माझ्याकडे बोट दाखवून हिंदीत विचारले, "इसका?" प्रितम म्हणाला, "ये भी लेडीज है साब." कंडक्टर हसला आणि पुढे गेला. आम्हाला फार बरे वाटले. आणि त्या बऱ्या वाटण्यात चंपतने मला याही बसच्या बोनेटवर ठेवले आणि खिडकीला डोके टेकून झोपून गेला.

मित्रांनो, इथेच चुकले. तामसीची ऊब त्याने बेल्लमपल्लीच्या रस्त्याला लावली. जवळच्या वाटेचे माप लांबच्या वाटेला चालत नाही. उटनूरकडचे सागाचे जंगल लागले. डोंगरामागून डोंगर येत होते, आणि प्रत्येक वळणाला मला वाटे, संपला, पण रस्ता काही संपत नव्हता. एवढा मोठा मुलूख मी कधी पाहिला नव्हता. मला माणसासारखे डोळे असते तर मी ते फाडून पाहिले असते. पण खालून इंजिन भाजत होते. कातडे ताणत गेले, ताणत गेले, आणि शाईत कुठेतरी बारीक कडकडले. मला तोंडे दोन आहेत, पण ओरडायला वाजवणारा लागतो. वाजवणारा घोरत होता.

बेल्लमपल्लीला उतरलो. कोळशाने भरलेली आगगाडी जात होती. डबे मोजायचा प्रयत्न प्रितमने केला आणि सोडून दिला. एवढा सगळा कोळसा माणसांनी जमिनीच्या पोटातून काढला आहे, हे जाणवून मी स्वतःचे दुखणेही क्षणभर विसरले.

सुधाकररावांच्या क्वार्टरपुढे मांडव घातला होता. त्यांची म्हातारी आई प्रयागबाई खाटेवर बसून आमची वाट पाहत होती. चंपतने मला मांडीवर घेतले आणि बोट मारले. फट! माझ्या शाईला भेग पडली होती आणि तिच्या कडेचे तुकडे सुटले होते. खणखणाटाच्या जागी फुटक्या मडक्याचा आवाज आला.

चंपत मैत्रीच्या कानाशी लागला. "बाई, सांग त्याहिले, अर्धेच द्या म्हना."

"अजून एक गानं नाई झालं, आन तुमी भाव पाडून राह्यले?"

"अवं, मी काय वाजवू आता?"

चंपत माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझी सुटलेली शाई हलक्या हाताने खरवडायला लागला. मला फार वाईट वाटले. सारा चांद निघाला तेव्हा त्याने प्रयागबाईला विचारले, "माय, थोडी कनीक भेटंल का? भिजवलेली?"

"पोळ्या करतं का काय, बापू?"

"ढोलकीले लावतो."

म्हातारी खळखळून हसली. "आमी पावन्याले जेवू घालतो, तुमी ढोलकीलेच घाला." पण तिने सुनेला हाक मारली आणि परातीतला कणकेचा गोळा आला. चंपतने ओल्या बोटांनी ती कणीक माझ्या उघड्या कातड्यावर थापली, गोल केली, थोडी काढली, पुन्हा लावली. पखवाजाला कणीक लावतात हे मी ऐकून होते. ढोलकीच्या शाईच्या जागी ती लागलेली मी तरी पाहिली नव्हती. त्याने हळूच थाप दिली. मी बोलले. खणखणीत नाही, पण गोल आणि खोल बोलले. माझाच आवाज मला अनोळखी होता.

"बाई, तुझी काळी चारची पट्टी नाई लागत आता," चंपत म्हणाला. "काळी दोनवर येऊन बसली हे. लई खाली."

"मंग मी बी खाली येतो."

"तिथं तुहा आवाज हाये का?"

"मले नाई मालूम," मैत्री म्हणाली, आणि पदर खोचून माइकपाशी बसली.

पहिले गाणे चाचपडत गेले. मांडवातल्या मागच्या रांगांत बोलणे चालू होते. मी घाबरले होते. दुसऱ्या गाण्यात मैत्रीने डोळे मिटले. आणि मित्रांनो, मग तिच्या गळ्यातून जे निघाले त्याचे वर्णन मला करता येत नाही. इतकी वर्षे ती उंचावर गात होती, टाळ्या घेत होती, आणि तळाशी हा आवाज कुणी न उघडलेल्या खोलीसारखा पडून होता. त्यात घाई नव्हती, दाखवणे नव्हते. प्रितमची बोटे पेटीवर जपून पडायला लागली. चंपतने थाप हलकी केली. दोन गाण्यांच्या मधे तो सुकत आलेल्या कणकेला ओले बोट लावी, पुन्हा वाजवी, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

मागचे बोलणे थांबले. खाणीतल्या पाळीवर निघालेले लोक गाड्या बंद करून कुंपणाशी उभे राहिले. त्यांतल्या निम्म्यांना मराठीचा एक शब्दही कळत नसेल. ते तेलुगू बोलणारे. तरी कुणी हलले नाही. प्रयागबाई खाटेवरून उतरून खाली मातीत येऊन बसली. दिवसभर भाजलेली, चांद गेलेली मी. आणि मला वाटत होते, एवढ्यासाठी आणखी दुप्पट वाट असती तरी आले असते.

कार्यक्रम संपला. सुधाकररावांनी पाकीट पुढे केले. चंपतने घेतले, आणि लगेच त्याची जुनी सवय वर आली. "भाऊ, ढोलकी फुटकी होती. थोडे वापस घ्या."

सुधाकरराव म्हणाले, "चंपतराव, खाणीत कोळशापाशी पोचाले जमिनीखाली लई चाला लागते. हातोडा उचलाच्या पह्यलेच पाय भरून येते. ते चालनं काम नोहोय असं मले कोनी म्हनलं, तं मी आयकलं असतं का? ठेवा ते."

चंपतने पाकीट खिशात ठेवले. तेवढ्यात शेजारची चंपाबाई पुढे आली. तिच्या मुलीचे लग्न होते. तिने थेट चंपतलाच विचारले, "दादा, आमच्याकडं याचे काय घ्याल?"

मैत्री मुद्दाम बापाकडे बघत राहिली. चंपतने मला मांडीवर सावरून घेतले. तो म्हणाला, "बारा हजार."

"दहा करा नं, दादा."

एरवी तो पाचावर आला असता. आज तो मान वर करून म्हणाला, "करतो वं बाई. पन दहात रस्ता कमी होते का?"

चंपाबाई हसली. "नाई होत," ती म्हणाली, "या बारालेच."

मैत्री मांडवाबाहेर गेली. तिने इचोड्याच्या दुकानदाराला फोन लावला आणि सांगितले, "दादा, सोमवारी दुसरं कोनी पाहा. मले गान्याले जा लागते."

मित्रांनो, परतीला चंपतने मला बोनेटवर ठेवले नाही. सारी वाट मांडीवर आणले. नंतर नांदेडला नेऊन माझ्यावर नवी शाई घालून घेतली. तरी खालच्या पट्टीतली गाणी असली की मैत्री अजूनही थोडी कणीक मागून घेते. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. वाद्याला ऊब द्या, पण आच देऊ नका. आणि कुणी गाणारा-वाजवणारा तुमच्या दारी आला, तर भाव करण्याआधी त्याला पाणी द्या आणि विचारा, किती लांबून आलात? उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल. ते नवल बिदागीतही दिसू द्या.