खालच्या धारेवरची साद

ओयोनच्या पिंजऱ्यातली मॅगपाय पक्षीण धरली तेव्हा पोपटासारखी हिरवीगार होती. नऊ वर्षं भात आणि केळी खाऊन ती फिकट निळी पडली. रानातले किडे मिळेनासे झाले की हा पक्षी असाच रंग सोडतो, हे ओयोनला ठाऊक होतं. पक्षी धरण्यातच त्याची हयात गेली होती. आता म्हातारपणी त्याच्या मनाने घेतलं, हिला जोडीदार आणायचा.

पिंजरा पाठीला बांधून तो जावाच्या डोंगरात चार दिवस हिंडला. ती ओरडायची आणि हा कानात प्राण आणून बसायचा. रान गप्प.

पाचव्या सकाळी खालच्या धारेवरून हुबेहूब तशीच साद आली. चहाच्या मळ्यातून धडपडत म्हातारा आवाजामागे उतरला, तो थेट त्याच्याकडून पक्षी नेणाऱ्या जाजांगच्या अंगणात.

वळचणीच्या पिंजऱ्यात काळा शामा पक्षी गात होता.

"या अबा," जाजांग म्हणाला. "ओळखलंत का याला? तुमच्याकडूनच नेलाय. मॅगपायशेजारी टांगून तुम्हीच तिची बोली शिकवलीत. पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत त्या एका सादेवर बाजी मारतो लेकाचा. पण तुम्ही पिंजरा घेऊन रानात कशाला? तिथं काय ठेवलंयत तुम्ही?"

ओयोनच्या पाठीवरची मॅगपाय ओरडली, शाम्याने तिच्याच बोलीत साद दिली. मग पिसं फुलवून ती पुन्हा ओरडली, नऊ वर्षांत कधी ओरडली नव्हती इतक्या आनंदाने.