लाल झालेला करदोटा

बिबवेवाडीत साडीच्या दुकानावरच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी तीस-चाळीस पुरुष जमत. कंपनीची ओळखपत्रं खिशात, नजर जमिनीवर. कोण कशासाठी आलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे. २००६ सालची ही गोष्ट.

पुरुषांच्या गुप्त दुखण्यांवर दोरे आणि लेप देणाऱ्या रंगराव महाराजांनी राकेशला शर्ट वर करायला लावला. गेल्या गुरुवारी त्याच्या कमरेला बांधलेला पिवळाधमक करदोटा आता रक्तासारखा लाल होता. मागचे लोक उठून बघू लागले.

"बघा! धाग्यानं दोष ओढलाय. कॉम्प्युटरची उष्णता मांडीत, मांडीतून नसेत! राजा, ती जागा दिवसातून किती वेळा धुतोस?"

"तीनदा. तुम्ही दिलेल्या सोड्याच्या वडीनं."

"तरी आग?"

"जास्तच, महाराज. चड्डीचं कापड लागलं तरी जीव जातो."

राकेश हिंजवडीत नोकरीला होता. लग्नाला चार महिने झालेले. शिश्नाच्या टोकाला कशाचाच स्पर्श सहन होईना, म्हणून तो बायकोपासून, आम्रपालीपासून, लांब झोपत होता.

"दोष घरातला आहे," महाराज म्हणाले. "बाईला माहेरी धाड, कायमची. रविवारी अमावस्या. अग्निलेप लावू." त्यांनी लेपाचा थेंब विड्याच्या पानावर टाकला. पान काळं पडलं, मग तिथं भोक पडलं. "नस अशी मरते. मग आग नाही."

दाराशी एक माणूस पाय फाकवून बसला होता. मागच्या अमावस्येला लेप लावून घेतलेला. त्याच्या पायजम्यावर माश्या बसत होत्या. तो त्या हाकलत नव्हता.

"बॅग भर," घरी येऊन राकेश म्हणाला. आम्रपालीनं कारण विचारलं, तेव्हा त्यानं करदोटा दाखवला.

तिनं धाग्याचा वास घेतला. "छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तुझ्या आजोबांनी घरातले गंडेदोरे विहिरीत टाकले, हे तूच सांगतोस ना? आणि तू इंजिनिअर होऊन कमरेला बांधून आलास!"

"अगं, पण लाल झाला!"

"हळदीचा हात पुसलेला टॉवेल कधी धुतलायस?"

नव्हता धुतला. तिनं पांढऱ्या फडक्याला हळद चोळली आणि महाराजांच्या वडीचा फेस लावला. फडकं लालभडक झालं.

"आता सांग, या फडक्याची बायको कोण? तिलाही माहेरी धाडू." तिनं लिंबू पिळलं. फडकं पुन्हा पिवळं झालं. "उतरला बघ दोष."

राकेश हसला नाही. त्याला पानावरचं भोक आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञ डॉ. मकबूल यांनी त्याला तपासलं. "सोड्याच्या वडीनं बनियन धुवावं, साहेब. इथली कातडी पापणीइतकी नाजूक. पार सोलवटलीय."

"पण त्रास आधीपासून होता."

"आधी काय लावत होता?"

लग्न ठरल्यापासून तो आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक घालत होता. वर घट्ट जीन्स आणि दहा तास खुर्ची.

"सुरुवात तिथंच झाली," डॉक्टर म्हणाले. त्यांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली, कारण मधुमेहात तिथं बुरशी सहज धरते. कातडी नीट मागे सरते का, तेही पाहिलं. "काहींची तिथली संवेदना मुळातच तीव्र असते, काहींची काळजीनं वाढते. त्यावरही उपचार आहेत. आता फक्त कोमट पाणी, सैल सुती कपडे, मी देतो तेवढंच मलम. बरं होईपर्यंत संबंध नकोत. आणि बायकोला सगळं सांगा. तिचा यात काही दोष नाही."

रविवारी दोघं त्या खोलीत गेले. अमावस्येच्या लेपासाठी सगळे जमले होते.

"बाईमाणसाला इथं प्रवेश नाही!" महाराज ओरडले.

"म्हणूनच इतके दिवस चाललं," आम्रपाली म्हणाली. "हळदीचे डाग धुतलेलं इथं कुणीच नव्हतं."

राकेशनं आपलं दुखणं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. मग त्यानं फडकं लाल केलं, पिवळं केलं. एकेक हात शर्टाखाली गेला, करदोटे तुटू लागले. महाराज मागच्या जिन्यानं पसार झाले. लेपाची बाटली तिथंच राहिली. तिच्यात तेजाब होतं.

दाराशी बसलेला माणूस पहिल्यांदाच बोलला. "मला दवाखान्यात न्याल का? महिना झाला."

तो वाचला, पण पूर्ण बरा झाला नाही. राकेश दीड महिन्यात सावरला.

दुखणं झाकलेल्या जागेचं असलं, तरी ते डॉक्टरांपासून झाकू नये. जिथं प्रश्न विचारायला मनाई असते आणि खापर बायकोवर फुटतं, तिथून उठून यावं. आणि डोळ्यांदेखत चमत्कार झालाच, तर घरात कपडे कोण धुतं, तिला आधी विचारावं.